थम

सकाळच्या प्रार्थनेत मी कधीच अडखळत नसे. शाळेच्या मैदानावर सगळे वर्ग रांगा करून उभे राहायचे, प्रिन्सिपॉल फादर माईकवर पहिली ओळ म्हणायचे आणि मग आम्ही पोरं, त्यातली बहुतेक घरी गणपती बसवणारी, स्वर्गातल्या बापाला इंग्रजीतून हाक मारायचो. सगळ्यांच्या आवाजात माझा आवाज मिसळला की जीभ मोकळी व्हायची. प्रार्थना संपून कोणी मला एकट्याला काही विचारलं की पुन्हा तेच. त, थ, प, क ही अक्षरं दातांमागे अशी अडून बसायची की मान आखडायची, डोळे आपोआप मिटायचे आणि समोरचा माणूस दुसरीकडे बघायला लागायचा.

शाळा फक्त मुलांची, नागपुरातली जुनी कॅथलिक शाळा. आमचं घर नंदनवनात आणि बाबांचं दुकान पंपांचं. विहिरीवरच्या मोटरी, पाइप, केबल. नरखेड तालुक्यातले संत्र्याच्या बागांचे मालक आमचं ठरलेलं गिऱ्हाईक. त्यांतल्या एकानं एकदा दुकानात बसून बाबांना विचारलं, "भाऊ, पोराले नागपूरले कोणत्या शाळेत टाकू?" बाबांनी आमच्या शाळेचं नाव सांगितलं. "हॉस्टेल हाये, इंग्रजी हाये, वरून फौजेसारखी परेड. पोरगं सुधरते तिथं."

असा त्यांचा पोरगा सहावीत माझ्या वर्गात आला. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि मला बोलता येत नव्हतं, म्हणून बाईंनी आम्हाला एकाच बाकावर बसवलं. वर्षभरात तो इंग्रजी शिकला. मी होतो तिथंच राहिलो. पण त्याला माझ्या अडखळण्याचं कधी काही वाटलं नाही. शब्द अडकला की तो माझ्या तोंडाकडे बघायचा, काय म्हणायचंय ते ओळखायचा आणि म्हणून टाकायचा. घासातला खडा बाजूला काढावा तसं. मग मी पुढचं वाक्य बोलायचो. आमच्या गप्पा अशा दोघांच्या जिभेवर चालायच्या.

आठवीपासून परेड. खाकी वर्दी, लाल गोंडा लावलेली लोकरी टोपी, लाकडी बंदुका. परेडचे सर फौजेतून निवृत्त झालेले होते. पोरं त्यांना घाबरायची आणि त्यांच्यावर जीवही टाकायची. एखादा पोरगा आजारी पडला तर ते संध्याकाळी स्कूटर काढून त्याच्या घरी जायचे. हॉस्टेलच्या पोरांना दिवाळीनंतर त्यांच्या बायकोच्या हातचा चिवडा मिळायचा. आणि तेच सर, चुकीचं पाऊल टाकणाऱ्याच्या समोर येऊन आपल्या बुटाची टाच त्याच्या बोटांवर ठेवायचे आणि हळूहळू वजन टाकायचे. चेहरा तसाच हसरा. पोरगा ओरडला तर वजन वाढायचं, गप्प राहिला तर पाठीवर थाप पडायची.

आठवीचं वर्ष संपत आलं होतं तेव्हा एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. मला ते कळलंही नाही. प्रार्थना संपली तशी त्यांनी खांद्याला धरून मला वळवलं.

"आता म्हटलं ते पुन्हा म्हण."

मी तोंड उघडलं. काही आलं नाही.

"आत्ता तर पोपटासारखा बोलत होता. एक शब्द अडकला नाही. मी मागं उभा राहून ऐकून राहिलो होतो."

मी मान आखडून उभा. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं की त्यांना काहीतरी सापडलं आहे. "ढोंग," ते म्हणाले. "सगळ्यांत बोलता येते आणि एकट्याले विचारलं का बोबडी वळते. भीती हाये ही. भीती काढता येते."

पुढच्याच रविवारी ते आमच्या घरी आले. आईनं पोहे केले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. सर म्हणाले, "शेठ, पोरगं माझ्या हवाली करा. फौजेत असे लय पाहिले मी. सुट्टी लागायच्या आधी बोलता करतो याला."

बाबा आधी हसले, मग एकदम गंभीर झाले. ते म्हणाले, "करा सर. पाहिजे ते करा. लग्नाकार्यात कोणी याला नाव विचारलं का मला मान खाली घालावी लागते. दुकानावर उद्या हा काय बोलेल गिऱ्हाइकाशी? रडला तरी सोडू नका. मी एका शब्दानं विचारणार नाही."

आई रिकाम्या बशा उचलायला गेली तेव्हा म्हणाली, "तब्येतीनं बारीक आहे तो." बाबा तोवर सरांना दारापर्यंत सोडायला उठले होते.

नववीचे वर्ग एप्रिलमध्ये सुरू झाले आणि सुट्टीच्या आधी परेडचं शिबिर लागलं. पहिल्याच दिवशी सरांनी मला रांगेतून बाहेर काढून प्लाटूनच्या समोर उभं केलं. आजपासून कमांडर हा, म्हणाले. परेडचे हुकूम हिंदीत असतात. सावधान, विश्राम, तेज चल, थम. 'सावधान' मला जमायचं, कारण स लांबवता येतो. मी तो एवढा लांबवायचो की पोरं हसायची. हसणाऱ्यांना सर बाहेर काढायचे आणि तापलेल्या मुरमावर तळहात टेकून दंड मारायला लावायचे. पहिल्या दिवशी हसणारे पुष्कळ होते. नंतर कोणी हसेना. हाताला फोड आलेली ती पोरं जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे ज्या नजरेनं बघायची, ती मी ओळखायला शिकलो. सरांवर कोणी चिडलं नव्हतं.

"तू कायले उभा राहतो तिथं?" माझ्या मित्रानं विचारलं. "नाही म्हण ना."

मी 'नाही' म्हणायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. मी सरांकडे गेलो होतो. न वर अडकलो. ते थांबले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "पूर्ण बोल, मग सोडतो." मला पूर्ण बोलता आलं नाही.

त्या शनिवारी सकाळपासूनच ऊन पेटलेलं होतं. नागपुरात एप्रिलच्या शेवटी माणसं दहाच्या आत कामं उरकतात, बाहेर पडलंच तर डोक्याला दुपट्टा गुंडाळतात, खिशात कांदा ठेवतात. आम्ही लोकरी टोप्या घालून मैदानात उभे होतो. सर म्हणाले, "आज इन्स्पेक्शनसारखं करायचं. मी बोलणार नाही. प्लाटून याची. हा म्हणेल चल, तर चालायचं. हा म्हणेल थम, तर थांबायचं. दुसऱ्या कोणाच्या म्हणण्यावर जो थांबेल त्याची वर्दी मी उतरवीन." मग ते कडुलिंबाच्या झाडाखाली खुर्चीवर जाऊन बसले.

'तेज चल' मी कसंबसं ढकललं. पोरं निघाली. मैदानाच्या त्या टोकाला रस्त्याकडची भिंत. भिंतीच्या आधी मी त्यांना वळवायला हवं होतं, नाहीतर थांबवायला. 'पीछे मुड़' मधला प ओठांवर चिकटला आणि पोरं भिंतीपर्यंत पोचली. पुढे जागा नव्हती. हुकूम आला नाही तर जागच्या जागी पाय आपटत राहायचं, हे आम्हाला शिकवलेलंच होतं. गुडघा कमरेपर्यंत, टाच खाली. ती भिंतीकडे तोंड करून पाय आपटू लागली आणि मला आता एकच शब्द म्हणायचा होता.

थम हा शब्द फार लहान आहे. धरायला काही नाही त्यात. जीभ दातांना टेकते आणि सुटायला हवी, ती सुटतच नव्हती. मी मान झटकली, पाय आपटला, मुठी वळल्या. हात वर करून खूण केली, तर झाडाखालून आवाज आला, "हात नाही. तोंड." मी सरांकडे वळलो. ते स्टीलच्या ग्लासातलं पाणी प्याले. "मला घाई नाही," ते म्हणाले.

मुरमाची लाल धूळ उडत होती. पोरांच्या पाठी आधी ओल्या झाल्या, मग काहींच्या वाळल्या आणि शर्टावर मिठाच्या रेघा दिसायला लागल्या. "बोल ना बे," कोणीतरी म्हणालं. मग दुसरा म्हणाला. मग रांगेतून शिव्या यायला लागल्या, पायांच्या तालावर, हळू आवाजात. एक म्हातारे फादर काळी छत्री घेऊन चॅपलमधून आपल्या खोलीकडे चालले होते. ते थांबले, आमच्याकडे पाहिलं, हात उंचावला आणि हसून पुढे गेले. त्यांना सराव चाललेला दिसला.

माझा मित्र पहिल्या रांगेत उजवीकडच्या टोकाला होता. तो मागे न वळता म्हणाला, "गाण्यासारखं म्हण. हळू घे." मी तसंही करून पाहिलं. नुसती हवा आली. तेव्हा त्यानं तेच केलं जे तो सहावीपासून करत आला होता. माझा शब्द त्यानं म्हणून टाकला.

"थम," तो मोठ्यानं म्हणाला.

अर्धी पोरं थांबली. सर खुर्चीवरून उठले.

"कोण बोललं?"

"मी, सर."

"तू कमांडर हाये?"

"नाही सर. त्याले येऊन नाही राहिलं."

"मग तू त्याची जीभ हाये काय?" सर शांतपणे चालत त्याच्यापर्यंत गेले. दुसऱ्या एका पोराची लाकडी बंदूक घेऊन त्यांनी त्याच्या बंदुकीवर ठेवली. "दोन्ही डोक्यावर. हात सरळ. कदम ताल चालू." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या हातात हाये. तू म्हटलं का खाली."

तो हात वर करून पाय आपटत राहिला. बाकीची पोरंही. मला त्याची पाठ दिसत होती. पहिल्यांदा कोपरं वाकली, सरांनी "सरळ" म्हटलं, ती सरळ झाली. मग त्याचा पाय तालातून सुटला. डावा पडायचा तिथं उजवा पडायला लागला. तो कधीच ताल चुकत नसे. मी तोंड उघडून उभा होतो, लाळ हनुवटीवर आली होती आणि आत तो शब्द छातीत ठोके देत होता. मग त्याचं डोकं मागे गेलं, बंदुका मागे पडल्या आणि तो भिंतीच्या बाजूला आडवा झाला.

"थम," मी म्हणालो.

स्वच्छ आलं. मोठ्यानं. भिंतीवरून परत ऐकू आलं. सगळ्यांचे पाय एकदम थांबले.

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "आलं ना," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. "पाहा रे सगळ्यांनी. आलं ना? सांगत नव्हतो, ढोंग हाये म्हणून."

मग त्यांनी खाली पाहिलं. माझ्या मित्राचे हातपाय ताठ होऊन हलत होते, डोळे पांढरे झाले होते. मी त्याच्या कपाळाला हात लावला. तव्यासारखं होतं आणि घामाचा थेंब नव्हता. सरांनी एक क्षण दवडला नाही, तेवढं सांगायला हवं. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि त्या वयात ते फाटकापर्यंत धावत गेले. शाळेच्या गाडीत बसताना ते ओरडले, "बर्फ आणा." आम्ही तिथंच उभे राहिलो, कारण आम्हाला विश्राम कोणी दिला नव्हता.

तो मेला नाही. बरेच दिवस अतिदक्षता विभागात होता. मूत्रपिंडं बंद पडली होती, ती हळूहळू चालू झाली. शुद्धीवर आला. पण डॉक्टरांनी सांगितलं की उन्हाचा मार मेंदूच्या मागच्या भागाला बसला आहे, तोल सांभाळायचा भाग तोच. पाय आहेत, पायांत ताकदही आहे, पण ते आता त्याचं ऐकणार नाहीत.

तो अजून दवाखान्यातच होता तेव्हा प्रिन्सिपॉल फादरांनी आम्हाला बोलावलं. मला, माझ्या बाबांना, त्याच्या वडिलांना आणि सरांना. फादर दक्षिणेकडचे, मराठी त्यांना समजायची, बोलता येत नसे. मागे भिंतीवर क्रूस आणि फादर पांढऱ्या झग्यात. त्याचे वडील दवाखान्याच्या बाकावरून उठून आले होते, तसेच, अंगात चुरगळलेला सदरा, खांद्यावर दुपट्टा. फादर त्यांना हिंदीत म्हणाले, "हम सब उसके लिए प्रार्थना कर रहे हैं." वडिलांनी हात जोडले.

सर सावधानमध्ये उभे होते. "फादर, मी हुकूम दिला नव्हता," ते म्हणाले. "प्लाटूनचा कमांडर हा मुलगा होता. थांबवायचं काम याचं होतं. यानं थांबवलं नाही."

फादर इंग्रजीतून मला म्हणाले, घाबरू नकोस बाळा, काय झालं ते खरं सांग. मी सुरुवात केली. सरांनी, एवढं म्हणायला मला किती वेळ लागला कोण जाणे. फादर सौजन्यानं खिडकीबाहेर बघू लागले. बाबा फरशीकडे बघत होते. माझ्या मित्राचे वडील मात्र सरळ माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पुढच्या शब्दावर अडकलो तसे ते किंचित पुढे झाले.

"बाबू," ते म्हणाले, "तुले एक शब्द बोलता नाही आला काय? एकच शब्द होता ना?"

आवाजात राग नव्हता. ते खरंच विचारत होते. एवढंसं काम एखाद्याला कसं जमत नाही, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मलाही कळलं नाही.

तेव्हा सर म्हणाले, "याच्या वडिलांनीच मला सांगितलं होतं. रडला तरी सोडू नका म्हणून. विचारा त्यांना."

त्याच्या वडिलांनी वळून बाबांकडे पाहिलं. इतकी वर्षं ते बाबांच्या दुकानात चहा पीत आले होते.

बाबांनी मान वर केली. "मी असं काही म्हटलं नाही," ते म्हणाले. "मी माझ्या पोराबद्दल असं कायले म्हणीन?" मोटरीची गॅरंटी सांगताना त्यांचा जो आवाज लागतो, तोच आवाज होता.

त्या खोलीत खरी गोष्ट एकट्या सरांनी सांगितली होती, आणि ती खरी आहे हे सांगू शकणारा मी एकटा होतो. मी तोंड उघडलं. फादरांनी हात वर केला आणि इंग्रजीतून म्हणाले, पुरे, बिचाऱ्याला आणखी त्रास नको. आम्ही उठलो.

घरी आल्यावर आईनं बाबांना विचारलं, "तुम्ही म्हटलं होतं ना?" बाबा म्हणाले, "तू पोहे करायचं पाह्य."

शाळेनं आपल्यापुरता निकाल लावला. पोरगा सकाळी न खाता परेडला आला होता, पाणी कमी प्यायला होता, मुळात नाजूक होता. जो पोरगा गावी संत्र्याच्या पेट्या उचलायचा, तो नाजूक ठरला. सरांना जुलै संपेपर्यंत मैदानावर येऊ दिलं नाही, पण पंधरा ऑगस्टचं संचलन दुसऱ्या कोणाला बसवता येईना, म्हणून त्यांना परत बोलावलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या वडिलांना पोलिसांत जायला दोघाचौघांनी सांगितलं. ते म्हणाले, पोरगं वाचलं, आता मले त्याच्या पायाकडं पाहू द्या.

मला परेडमधून काढलं. त्या तासाला मी वाचनालयात बसायचो. पण परेड माझ्याकडे यायची. मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून मी चाललो की चार-पाच पोरं समोर आडवी उभी राहायची आणि जागच्या जागी पाय आपटायला लागायची. गुडघा कमरेपर्यंत, तोंड गंभीर. मी 'थम' म्हणेपर्यंत ती हलायची नाहीत. मला ते म्हणता यायचं नाही. मग घंटा व्हायची. संडासाकडे जायचा रस्ता त्याच व्हरांड्यातून होता, म्हणून मी दिवसभर पाणी प्यायचं सोडलं. दोनदा मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होऊन ताप आला. एकदा गणिताचे सर तिथून जात होते. त्यांनी पोरांना पाहिलं, मला पाहिलं आणि त्यांना हसू आवरलं नाही. हे दहावी संपेपर्यंत चाललं. सगळी पोरं वाईट नव्हती. जी तसं करत नव्हती, ती दुसऱ्या जिन्यानं जायची.

नववीतच, दिवाळीच्या सुट्टीत, आईनं बाबांना न विचारता मला एसटीत बसवलं आणि आम्ही नरखेडकडे गेलो. झाडांवर संत्री पिवळी व्हायला लागली होती. त्याचे वडील अंगणात होते. आईला म्हणाले, "या वहिनी," आणि मला काही न म्हणता बागेकडे निघून गेले.

तो खोलीतून बाहेर आला. पाय फाकवून, एक हात भिंतीला लावून, हलत्या होडीवर चालावं तसा. त्याच्या आईनं कपात अर्धाच चहा दिला होता, तरी तो बशीत सांडत होता. त्यानं शाळेचं विचारलं. पहिल्या रांगेत आता कोण असते, इंग्रजीच्या बाई त्याच आहेत का. मी एकेका शब्दात सांगितलं. मग माझी आई आत गेली तेव्हा मी त्याला बाबांची गोष्ट सांगायला घेतली. सर आमच्या घरी आले होते, बाबा काय म्हणाले होते आणि ऑफिसात काय म्हणाले. फार वेळ लागला. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मला काय म्हणायचंय ते त्याला कळत होतं, पूर्वीसारखंच. त्यानं एकही शब्द पुढे केला नाही.

माझं संपल्यावर तो म्हणाला, "मले काहून सांगून राहिला हे?"

"खरं आहे म्हणून."

"खरं घेऊन मी काय करू?" तो म्हणाला. "बाबा रोज मले बांधापर्यंत चाल म्हणते. मी पडतो. तो उचलते. पुन्हा चाल म्हणते." त्यानं कप खाली ठेवला, दोन्ही हातांनी. "तू आता येऊ नको. तू येणार म्हणून माय सकाळपासून रडून राहिली."

निघताना त्याच्या आईनं आमच्या पिशवीत संत्री भरली. माझी आई नको नको म्हणत होती, पण रिवाजाला नाही म्हणता येत नाही. घरी बाबांनी त्यातलं एक सोललं. "गोड आहेत," ते म्हणाले, आणि दुसरं घेतलं.

त्याचे वडील पुन्हा आमच्या दुकानात आले नाहीत. मला वाटत राहिलं की त्यानं त्यांना सांगितलं असणार, आणि खरं कळल्यामुळेच ते बाबांचं तोंड बघत नसणार. त्या वाटण्यावर मी बरीच वर्षं काढली.

मी बीकॉम केलं आणि दुकानात बसू लागलो. अडखळणं गेलं नाही. फोनवर बोलताना लोक लाइन तुटली समजून ठेवून देतात. गिऱ्हाइकाशी बाबाच बोलतात, मी माल काढतो, बिलं बनवतो, मोटर उघडून दुरुस्त करतो. त्यात जीभ लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात दुकानासमोर पिकअप गाडी थांबली. त्यातून एक माणूस उतरला आणि पाय फाकवून, दाराला धरून पायरी चढू लागला. मी त्याला चालण्यावरूनच ओळखलं. गाडी त्याचा धाकटा भाऊ चालवत होता. बाबांनी आधी ओळखलं नाही, मग ओळखलं, आणि त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "ये बापू, ये. बस."

तो बसला. त्याचे वडील वारले होते. विहिरीत बोअर मारला होता आणि पाण्यात सोडायची मोटर हवी होती. बाबा म्हणाले, "नरखेडात नाही मिळाली?"

"मिळते," तो म्हणाला. "पण बाबानं तुमच्याकडून नेलेली जुनी मोटर अजून चालून राहिली. म्हणून आलो."

बाबा खूश झाले. मला आवाज देऊन दोन मोटरी काढायला सांगितल्या. मी त्या काउंटरवर ठेवल्या. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो बाबांना म्हणाला, "काका, तुम्ही तवा फादरच्या ऑफिसात खोटं काहून बोलले?"

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "अरे बापू, किती जुनी गोष्ट. मला तर आठवतही नाही. लहान होते तुम्ही. तू ही मोटर पाह्य, तांब्याचं वाइंडिंग आहे."

"मी तिथं नव्हतो तरी मले आठवते," तो म्हणाला. बाबा मोटरीवरची धूळ झटकत राहिले. मग त्यानं विचारलं, "केबल किती लागते?"

ते मी सांगायला हवं होतं, क वर अडकलो. तो वाट बघत बसला. बाबांनी उत्तर दिलं.

त्याच्या भावानं आणि मी मोटर गाडीत चढवली. तो माझ्या खांद्याला धरून पायरी उतरला. बोटं घट्ट रुतत होती, तोल जाऊ नये म्हणून. गाडीपाशी तो थांबला.

"तू गावाले येऊन सांगतलं होतं ते," तो म्हणाला, "ते मी बाबाले सांगतलं नव्हतं."

मी त्याच्याकडे पाहिलं.

"बाबा मरेपर्यंत तुलेच म्हणत होता. एक शब्द नाही बोलला ते पोरगं, म्हणे. दवाखान्यात शेवटच्या दिवसातही म्हणे." तो सीटवर बसला, पाय हातांनी उचलून आत घेतले. "मी काही बोललो नाही. त्याले कोणावर तरी दोष ठेवायचा होता. तुह्या बाबावर ठेवला असता तर त्याचं ऐकून मले त्या शाळेत माह्या बाबानंच टाकलं, हे आलं असतं. तुझ्यावर सोपं होतं."

भावानं गाडी सुरू केली. तो समोर बघत होता. रागावलेला नव्हता, ओशाळलेलाही नव्हता. काम आटोपून निघालेल्या माणसासारखा दिसत होता.

मी दुकानात आलो तेव्हा बाबा पावती पुस्तकावर वजन ठेवत होते. "पाह्य," ते म्हणाले, "इतक्या वर्षांनी का होईना, गिऱ्हाईक परत आलं."

काउंटरवर न घेतलेली दुसरी मोटर होती. मी ती उचलून आत नेऊन ठेवली.